२०१२ची ई-क्लास डिझेल (डब्ल्यू२१२ पिढीची) घ्यावी का? दुरुस्ती व खर्चाबाबत सल्ला हवा

मुठाकाठ

नमस्कार. पुण्यात एका परिचितांची २०१२ची मर्सिडीज-बेंझ ई २५० सीडीआय विकायला निघाली आहे. गाडी पहिल्या मालकाकडेच आहे आणि मीटरवर ९८ हजार किलोमीटर दिसतात. सुरुवातीची काही वर्षे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आणि नंतर बाहेरच्या गॅरेजमध्ये देखभाल झालेली आहे. ते साडेसात लाख मागत आहेत, पण थोडे खाली येतील असे वाटते. माझे शहरातले फिरणे कमी आहे. गाडी मुख्यतः कोल्हापूर आणि नाशिकच्या वाऱ्यांसाठी लागेल. घरच्यांचे म्हणणे असे की एवढ्या पैशांत कोरी करकरीत छोटी गाडी येते, मग हा पांढरा हत्ती कशाला. या वयाच्या ई-क्लासमध्ये नेमके काय निघते, त्याला किती पैसे लागतात आणि पाहायला जाताना काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुनेइंजिन

या गाडीचे २१४३ सीसीचे ओएम६५१ इंजिन मुळात दणकट आहे. २०४ अश्वशक्ती, ५०० न्यूटन मीटर टॉर्क आणि दोन टप्प्यांचा टर्बो असल्यामुळे खंबाटकी घाटात गाडीला दम लागत नाही. सुरुवातीच्या, म्हणजे २००९-१०च्या गाड्यांमधल्या पिएझो इंजेक्टरांनी (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) कंपनीला जगभर डोकेदुखी दिली होती. २०१२च्या गाडीला ती भीती राहिलेली नाही. मात्र इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळू लागला की सिलिंडरमधला वायू वर येतो, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो आणि इंजिन चालू असताना फुस्स-फुस्स असा आवाज येतो. वॉशरची किंमत किरकोळ आहे. पण दुर्लक्ष केल्यास इंजेक्टर हेडमध्ये असा घट्ट बसतो की तो काढतानाच हजारो रुपये मोडतात. इंजिनवरचे प्लास्टिकचे झाकण ओढले की निघते, त्यामुळे ही तपासणी तुम्ही स्वतः दोन मिनिटांत करू शकता.

टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणाऱ्या इंजिनातल्या साखळीचा, विषय अधिक गंभीर आहे. या इंजिनात ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे चेन, गाइड आणि टेन्शनर असे सगळे बदलायचे झाल्यास मजुरीच मोठी लागते. गाडी पाहायला सकाळी जा आणि मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन तापवून ठेवू नये. तरीही बॉनेटवर हात ठेवून खात्री करून घ्या. थंड इंजिन सुरू करताच मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली, तर चेन सैल झाली असे धरून चाला. वॉटर पंपाची गळतीही या इंजिनात नेहमीची आहे, म्हणून कूलंटची पातळी आणि पंपाखाली सुकलेले डाग पाहावेत.

गिअरबॉक्स सात गिअरचा, ७जी-ट्रॉनिक प्लस असणार. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक प्लेटवरचे वेगाचे सेन्सर गेले की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. ही प्लेट चोरीविरोधी यंत्रणेशी जोडलेली असल्याने दुसरी आणून नुसती बसवता येत नाही. नव्या प्लेटचे ऑनलाइन कोडिंग करावे लागते किंवा जुन्या प्लेटमधला डेटा कुशल माणसाकडून दुसऱ्या प्लेटवर उतरवून घ्यावा लागतो. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले याची पावती मागा. 'प्लस' गिअरबॉक्सचे तेल निळसर असते, लाल नव्हे. कोणी लाल भरले असेल तर त्या गॅरेजच्या बाकीच्या कामाबद्दलही शंका घ्यायला जागा आहे.

नानापेठी

वरच्या प्रतिसादात स्टीअरिंग लॉक राहून गेला. डब्ल्यू२०४ सी-क्लास आणि डब्ल्यू२१२ ई-क्लास या दोन्हींचा हा कुप्रसिद्ध आजार आहे. एरवी किल्ली आत सरकवली की स्टीअरिंगच्या खांबातून बारीक गर्र असा आवाज येऊन लॉक उघडतो. आतल्या छोट्या मोटरचे ब्रश झिजले की एके दिवशी तो आवाज येत नाही, डॅशबोर्ड उजळत नाही, स्टीअरिंग वळत नाही, आणि गाडी जागची हलवायला उचलून नेणारा ट्रकच बोलवावा लागतो. अधिकृत ठिकाणी संपूर्ण भाग बदलण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. बाहेर एम्युलेटर (लॉक नीट चालू असल्याचा संकेत गाडीला देणारे छोटे यंत्र) बसवून घेतल्यास साधारण वीस-पंचवीस हजारांत काम होते. मी तरी एम्युलेटरच बसवीन, मात्र त्यानंतर स्टीअरिंगचे मूळ कुलूप काम करत नाही हे लक्षात असू द्यावे.

आता खर्चाविषयी. पुढील आकडे पुण्यातल्या बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. अधिकृत ठिकाणी ते दीडपट-दुप्पट धरावेत. तेल, फिल्टर अशी वार्षिक सर्व्हिस पंधरा ते पंचवीस हजार, कारण इंजिनालाच साडेसहा लिटर तेल लागते. इंजिन आणि गिअरबॉक्सची फाउंडेशने (त्यांना तोलणारे रबरी आधार) दबून खराब झाली असतील तर पंचवीस ते चाळीस हजार. सस्पेन्शनचे पुढचे लोअर आर्म, लिंक आणि बुश आपल्या रस्त्यांवर या वयापर्यंत टिकत नाहीत. पूर्ण संच बदलल्यास पन्नास ते सत्तर हजार. गिअरबॉक्सची प्लेट साठ हजार ते एक लाख. चार टायर पन्नास ते सत्तर हजार, बॅटरी पंचवीस-तीस हजार. हे सगळे एकाच वर्षी येत नाही; पण एकही येणार नाही, असेही वर्ष सहसा जात नाही.

सस्पेन्शनचे भाग लेमफर्डरचे घ्यावेत, कारण मूळ गाडीलाही तीच कंपनी पुरवठा करते आणि मर्सिडीजचा शिक्का नसल्यामुळे किंमत बरीच उतरते. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि इकडे नाना पेठेत चौकशी केल्यास बहुतेक वस्तू मिळतात. आरसा, दिवा, दाराचे आतले पॅनेल असे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले मिळतील. ब्रेक आणि स्टीअरिंगचे मात्र तिथून घेऊ नयेत.

मुठाकाठ

मनःपूर्वक आभार. आणखी एक प्रश्न आहे. एका दलालाकडे दिल्लीहून आलेली हीच गाडी पाच लाखांत आहे, तीही दिसायला उत्तम आणि फक्त ६० हजार किलोमीटर चाललेली. तिचा विचार करावा का?

कागदपत्रे_आधी

दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांवर दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. गाडी वाईटच असेल असे नाही. पण ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा मोटार वाहन कर आणि पुन्हा नोंदणी यांचा खर्च व हेलपाटे मिळवले की दोन-अडीच लाखांचा फरक बराच आटतो. कागद दलालाच्या शब्दावर सोडू नका. शिवाय ६० हजारांचा आकडा मीटरवरून मान्य करू नका. या गाड्यांत किलोमीटर एकापेक्षा अधिक इलेक्ट्रॉनिक युनिटांत नोंदलेले असतात आणि मर्सिडीजचे निदान यंत्र ज्याच्याकडे आहे तो ते वाचून तफावत दाखवू शकतो. ही तपासणी पुण्याच्या गाडीचीही करून घ्या.

नोंदणीची पंधरा वर्षे पुण्याच्या गाडीला २०२७मध्ये पूर्ण होतील. नूतनीकरणाचे शुल्क २०२२पासून पाच हजार रुपये झाले, त्यात पर्यावरण कर आणि तपासणी वेगळी. पूर्ण आयात केलेल्या गाडीला हेच शुल्क चाळीस हजार आहे. ई २५० सीडीआय चाकणला जोडली जात असे, तरीही आरसी पुस्तकात तिची नोंद कशी आहे ते पाहून ठेवा. विम्यात एवढ्या जुन्या गाडीला शून्य घसारा कवच (सुट्या भागांची झीज वजा न करता मिळणारी भरपाई) सहसा मिळत नाही, त्यामुळे एक हेडलाइट फुटला तरी मोठा वाटा तुमच्या खिशातून जाईल.

जुनेइंजिन

सहमत. माहीत असलेल्या मालकाची गाडी दोन-अडीच लाखांनी महाग असली तरी तीच घ्यावी. त्याच किमतीत एस-क्लास (डब्ल्यू२२१) मिळते म्हणून कोणी भुलवू लागले तर सरळ उठून यावे. तिला हवेचे सस्पेन्शन आहे आणि त्याचा एक स्ट्रट (एका चाकावरचा शॉक अब्जॉर्बरसारखा भाग) तुमच्या वर्षभराच्या सर्व्हिसपेक्षा महाग पडतो.

पाहताना डिकीतला गालिचा उचलून खालच्या खोलगट भागात ओल आहे का ते बघा. टेल लॅम्पच्या रबरातून पावसाचे पाणी आत येते आणि मागचा फ्यूज बॉक्स तिथेच बाजूला आहे. वायपरखालच्या जाळीत झाडाचा पाला साचला असेल तर पाण्याची वाट बंद होते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पुढची कार्पेटही दाबून पाहा.

मुठाकाठ

काल गाडी पाहून आलो. थंड इंजिनाचा आवाज स्वच्छ होता, इंजेक्टर कोरडे होते, स्टीअरिंगची गर्र नीट ऐकू आली आणि स्कॅनरवर किलोमीटर जुळले. खड्ड्यांतून नेताना पुढून डावीकडे ठक-ठक येते, टायर २०१७चे आहेत आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पावती नाही. मालक सात लाखांवर आले आहेत.

नानापेठी

मग हिशेब सोपा आहे. आर्म-बुश साठ हजार, टायर साठ हजार आणि गिअरबॉक्सचे तेल, फिल्टर, पॅन मिळून पंचवीस हजार, असे दीड लाखाच्या आसपासचे काम ताबडतोब करावेच लागेल. हे लेखी अंदाजपत्रक गॅरेजकडून घेऊन मालकांपुढे ठेवा आणि पावणेसहा लाखांपासून बोलणी सुरू करा. सहापर्यंत सौदा झाला तर घ्या, पण अजून दीड-दोन लाख बँकेत बाजूला ठेवता येत असतील तरच. कर्ज काढून ही गाडी घेण्याच्या मी विरोधात आहे. टायर आधी बदला. आठ वर्षांच्या रबरावर द्रुतगती मार्गावर जाऊ नका.