‘लुई’ म्हणजे प्रकाश नव्हे

चंद्रमौळी : बाळांच्या नावांवरील एका लेखात काल वाचले की ‘लुई’ हे फ्रेंच नाव प्रकाशवाचक लॅटिन शब्दावरून आले असून म्हणूनच फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला सूर्यराजा म्हणत. दोन्ही विधाने चुकीची आहेत. हे नाव फ्रँक लोकांच्या, म्हणजे ज्यांच्यावरून फ्रान्सला नाव मिळाले त्या टोळ्यांच्या, जर्मानिक बोलीतले आहे: ‘ह्लूद’ म्हणजे कीर्तिमान, ‘विग’ म्हणजे युद्ध. फ्रँकांच्या क्लोव्हिस राजाचे नावही तेच. रोमन लिपीत यू आणि व्ही पूर्वी एकाच चिन्हाने लिहीत, त्यामुळे ‘क्लोव्हिस’चे (Clovis) पहिले अक्षर पुसले की उरलेली पाच अक्षरे म्हणजेच ‘लुई’ (Louis). 842 साली दोन फ्रँक राजबंधूंनी एकमेकांना दिलेल्या स्ट्रासबुर्गच्या शपथेत हे नाव ‘लोधुविग्स’ असे येते. त्यातला ‘ग’ प्रकाशातून कसा निघाला? राहिला सूर्य. चौदाव्या लुईने 1653 मध्ये दरबारी नृत्यनाट्यात उगवत्या सूर्याची भूमिका केली, तेव्हा त्याला गादीवर येऊन जवळजवळ दहा वर्षे झाली होती आणि त्याचे वडील तेरावे लुई होते; म्हणजे नाव आधीचे, सूर्य नंतरचा.

मांडवीकाठ : आपली व्युत्पत्ती बरोबर असेलही, परंतु माझ्या आजोबांचे नाव लुईस होते आणि तिन्हीसांजेला दिवा लावण्याचा मान घरात त्यांचाच असे, कारण ‘नावच उजेडाचे’ असे पणजी म्हणायची. नावाचा अर्थ ते ठेवणाऱ्याच्या मनात असतो. फ्रँकांच्या लढायांशी आमच्या घराचा काय संबंध?

शुद्धलेखनप्रेमी : अर्थाआधी उच्चार सुधारा. ‘लुईस’ नव्हे, ‘लुई’. सातवीत मी ‘लुई पाश्चर’ लिहिले आणि फळ्यावर ‘लुईस’ होते म्हणून माझे गुण कापले गेले. तो अन्याय मी आजही विसरलेलो नाही. फ्रेंचमध्ये या नावातला शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत.

मांडवीकाठ : माझे आजोबा फ्रेंच नव्हते, गोंयकार होते. पोर्तुगीजमध्ये हेच नाव ‘लुईश’च्या जवळ जाते. आमच्या माणसाचे नाव कसे घ्यावे हे आपण आम्हाला शिकवू नये.

शुद्धलेखनप्रेमी : मी पाश्चरविषयी बोलत होतो, आपल्या आजोबांविषयी नव्हे. मात्र ‘पुरुषाचे लुई, स्त्रीचे लुईझ’ हा फ्रेंचमधला भेद त्या शेवटच्या ध्वनीवरच उभा आहे, म्हणून तो ध्वनी नको तिथे घुसडू नये, यावर मी ठाम आहे.

मांडवीकाठ : म्हणजे आजोबांना आपण स्त्री ठरवता? शब्द जपून वापरावेत.

शुद्धलेखनप्रेमी : तसे म्हणण्याचा माझा हेतू नव्हता. वाक्य तसे वाचले गेले असेल तर क्षमस्व. ‘लुईस’ पोर्तुगीज घरात योग्यच आहे. लुई ब्रेल आणि लुई पाश्चर यांना मात्र तो ‘स’ लावू नये.

चंद्रमौळी : मूळ मुद्द्याकडे येतो. ‘ह्लूद’ हा आपल्या ‘श्रुत’चा सख्खा भाऊ आहे, जे कानोकानी पोहोचले ते श्रुत, आणि ज्याचे नाव सर्वांनी ऐकले तो विश्रुत. म्हणजे ‘लुई’चा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘रणविश्रुत’. इतका देखणा धागा हाताशी असताना खोटा प्रकाश पाजळण्याची गरज काय, एवढेच माझे म्हणणे होते.

मांडवीकाठ : ‘श्रुत’ मला ठाऊक नव्हते. व्युत्पत्तीपुरते आपले म्हणणे मान्य करते. पण पणजीला मी खोटी म्हणणार नाही, आणि नातवाला नाव समजावताना दिव्याची गोष्ट आधी सांगेन.