वृद्धाश्रमात कॅमेरे लावले, पण ते पाहते कोण?

पांदण
काल इथं एकानं लिहिलं की प्रत्येक वृद्धाश्रमात, अगदी खोली-खोलीत कॅमेरा सक्तीचा करा, मग म्हाताऱ्यांवर हात उचलायची कोणाची हिंमत नाही होणार. वाचून डोकं तापलं म्हणून लिहितो. माझे बाबा तालुक्याच्या वृद्धाश्रमात होते. आठ कॅमेरे, ऑफिसातल्या टीव्हीवर आठही चौकोन चालू. बाबा पहाटे व्हरांड्यात पडले, खुबा मोडला, किती वेळ पडून होते कोणालेच माहीत नाही. फुटेज काढा म्हटलं तर डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावर, तारीख २००० सालच्या जानेवारीची, अन् हार्डडिस्क कधीची उडालेली. डिस्क गेली की तो डबा बीप-बीप करते, ती कटकट नको म्हणून कोणीतरी मेनूत जाऊन आवाजच बंद करून ठेवला होता. टीव्हीवर दिसते म्हणजे रेकॉर्ड होते असं नसते! कॅमेरे द्यायले दाते मिळतात, नावाची पाटी लागते, पण नव्या डिस्कचे पैसे मागा, कोणी फोन उचलत नाही. सक्ती करायचीच तर देखभालीची करा.

मूळचा_उमरेडचा
ती पोस्ट माझीच. बंद पडतात म्हणून लावायचेच नाहीत का? मी पुण्यात आहे, आई तिकडे. रात्री अकराला मोबाईलवर ती झोपलेली दिसते तेव्हा मला झोप लागते. तुम्हाला नाही कळायचं ते.

वायरमन_आर्वी
बारा वर्षं झाले हेच काम करून रायलो. हिशोब सांगतो. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन एमबीपीएसवर (सेकंदाले दोन मेगाबिट) ठेवला तरी दिवसाले २१ जीबी खाते. आठ कॅमेऱ्यांचे १७० च्या आसपास. एक टीबीची, हजार जीबीची डिस्क म्हणजे पाच-सहा दिवस, मग जुन्यावरच नवं चढते. लोक महिन्यानं फुटेज मागायले येतात, कुठून देऊ? मे महिन्यात टिनाखालच्या बंद कपाटात डीव्हीआर कोंबून ठेवतात, अर्थिंग नाही, जूनमध्ये वीज कडाडली की एसएमपीएस, म्हणजे डब्याले वीज देणारा भाग, खलास. रात्री कॅमेऱ्याच्या उजेडाले किडे येतात, किड्यांमागं कोळी, लेन्सवर जाळं, मग नुसतं पांढरं धुकं. मोशनवर, म्हणजे काही हललं तरच रेकॉर्ड होईन असं, ठेवलं तर जाळं हललं की रेकॉर्डिंग! महिन्यातून एकदा कापड मारा म्हणून सांगून तोंड दुखलं. अन् बिल? मागच्या दिवाळीचं अजून बाकी हाय.

सोनताई
मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. उमरेडचे दादा, तुमची आई झोपलेली तुम्हाले दिसते, पण त्या खोलीत अजून बाया असतील ना, त्या पण दिसतात. आमच्याकडं एक आजी हाय, नऊवारी नेसते. खोलीत कॅमेरा आला तेव्हापासून ती लाईट बंद करून, अंगावर चादर घेऊन, अंधारात चाचपडत लुगडं बदलते. दुसरीनं खुर्चीवर चढून कॅमेऱ्यावर टावेल टाकला, पडली असती तर? वरून तिलेच बोलणे बसले.

मूळचा_उमरेडचा
ताई, माझ्या आईच्या दंडावर बोटांचे वळ होते. मी डोळ्यांनी पाहिलेत. मला हौस नाही दुसऱ्यांच्या बायकांना बघायची, असं सुचवू नका.

सोनताई
मी तसं म्हटलं नाही. पण ते वळ कॅमेऱ्यात दिसले का? तुम्ही येऊन आईचा हात धरला तेव्हा दिसले. रात्री तीस जणांमागं मी एकटी असते, एकीले उलटी, एकाची चादर बदलायची. कॅमेरा काही पाणी पाजत नाही. एक बाई वाढवा म्हटलं की पैसे नाहीत म्हणतात.

कास्तकार_दारव्हा
खासगीपणा मूलभूत हक्क हाय हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच सांगितलं. म्हातारपणी तो हक्क संपते काय? पोरं गाव सोडून जातात अन् मोबाईलवर माय पाहतात!

मूळचा_उमरेडचा
गाव सोडलं म्हणून शिव्या देऊ नका. बापाच्या कर्जापायी सोडलं.

कास्तकार_दारव्हा
बरं, ते शब्द मागं घेतो. माह्यापण पोरगा नाशकात हाय. बाकी मुद्दा सोडत नाही. पोलीस ठाण्यातलं फुटेज १८ महिने ठेवा असा कोर्टाचा २०२० चा आदेश हाय, अन् आपल्या मायबापाचं अठरा दिवसही टिकत नाही.

वायरमन_आर्वी
अठरा महिने ठेवायच्या डिस्का कोण घेऊन देईन भाऊ? व्हरांडा, गेट, सैपाकघर, जिना, येवढंच ठेवा. कॅमेरे कमी तर तेवढ्याच डिस्कमध्ये दिवस जास्त. खोलीत नकोच, हे ताईचं पटते मले.

मूळचा_उमरेडचा
आईला कधी विचारलंच नव्हतं. आज फोनवर विचारलं. "मले काय माहीत तू पाहतो म्हणून," म्हणाली, अन् गप्प बसली. खोलीतला काढायला सांगतो. पण व्हरांड्यातला हटू देणार नाही, हे लिहून ठेवा.

पांदण
व्हरांड्यातला हटवा असं मी म्हटलंच कुठं? बाबा गेले तरी मी पंधरा दिवसांनी तिथं जातो. गेलो की ऑफिसात बसून आधीच्या दिवसांचं रेकॉर्डिंग लावायले सांगतो, चालू चौकोन पाहतच नाही. मागच्या रविवारी सात नंबर काळा निघाला. जिन्याचा. आर्वीवाले भाऊ, तुमचे बाकी पैसे कोणाकडं आहेत ते मेसेज करा, आधी ते मिटवू.