मदत हवी आहे: चालकाच्या बाजूने रस्ता कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

रोज गाडी चालवणारे आम्ही काही जण मिळून रस्त्यांच्या नोंदी ठेवतोय. फोनच्या जीपीएसवरून वेळ आणि वेग मिळतो, ॲक्सेलरोमीटरवरून (फोनमधला हालचाल मोजणारा सेन्सर) धक्के. अडलंय ते यावरून रस्ता चांगला की वाईट हे ठरवताना.

वाहतूक अभियंत्यांची ए (सर्वांत चांगली) ते एफ (सर्वांत वाईट) ही सेवा पातळी, म्हणजे रस्त्यावरची वाहतूक किती सुरळीत आहे याची श्रेणी, माहीत आहे. १९६५ च्या अमेरिकी हायवे कपॅसिटी मॅन्युअलपासून ती वापरात आहे. पण सिग्नलवर सरासरी खोळंबा, महामार्गावर गाड्यांची दाटी, एवढ्यावरच ती ठरते. मला चालक म्हणून जास्त छळते ती अनिश्चितता. सरासरी ४० मिनिटांचा रस्ता वीसातून एखाद्या वेळी ६० मिनिटं खात असेल, तर वेळेत पोहोचायचं म्हणून मी रोजच ६० मिनिटं आधी निघणार. म्हणून ९५ वा शतमक, म्हणजे शंभरातल्या ९५ फेऱ्या ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ, काढावासा वाटतो. मात्र नोंदी थोड्या असल्या की तो एखाद्या वाईट दिवसावरच उभा राहतो. किती नोंदी पुरेशा मानाव्यात? पाऊस आणि अपघाताचे दिवस वगळावेत का? माझ्या मते वगळू नयेत, चालकाला तेही भोगावेच लागतात.

खरा घोळ धक्क्यांचा आहे. आयआरआय हा खडबडीतपणाचा निर्देशांक ताशी ८० किमी वेगाने जाणारं एक ठरावीक चाक-सस्पेन्शन गृहीत धरून काढतात. आमच्या गाड्या वेगळ्या, टायरमधली हवा वेगळी, वेग तर सतत बदलता. शिवाय खड्डा दिसला की चालक ब्रेक मारतो, धक्का हलका बसतो आणि नोंदीत तो रस्ता गुळगुळीत दिसतो! चालकाने घेतलेली काळजी रस्त्याच्या नावावर जमा होते. हे मला अजिबात पटत नाही. प्रत्येक तुकड्यावर धक्क्यांसोबत वेगातली घट जोडून पाहिली तर हे पकडता येईल का? पण मग पुढच्या गाडीमुळे मारलेला ब्रेक वेगळा कसा काढायचा?

अमेरिकेत १९५८ ते ६० च्या आशो रोड टेस्ट या रस्त्यांच्या मोठ्या चाचणीच्या वेळी माणसांना रस्त्यावरून नेऊन ० ते ५ गुण द्यायला लावले होते. आम्हीही प्रवास संपताच चालकाकडून असे गुण घ्यावेत का, की त्या दिवशीच्या गर्दीचा राग त्यात उतरेल?

कोणी फोनवरच्या अशा नोंदींवर काम केलं असेल तर वेगवेगळ्या गाड्यांच्या नोंदी आपसात जुळवून कशा घेतल्या ते कृपया सविस्तर लिहा. सगळ्या गाड्या एकाच तुकड्यावरून एकाच वेगाने नेऊन पाहायची आमची तयारी आहे.