रबर आणि जंगल नकाशावर वेगळं कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ग्लोबल फॉरेस्ट वॉच या, उपग्रहचित्रांवरून झाडोऱ्याची घट दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर दोडामार्ग तालुक्यातल्या आमच्या गावाची हद्द रेखाटून २००१ पासूनची वृक्षतोड पाहिली. गुलाबी ठिपके (म्हणजे झाडोरा गेलेली जागा) भरपूर दिसले. पण तिथे ५ मीटरपेक्षा उंच झाडोरा सगळा सारखाच मोजतात. जुनी काजूबाग तोडली तरी ठिपका, रान तोडलं तरी तसाच ठिपका! ग्रामसभेत हा नकाशा दाखवायचाय, त्यामुळे चुकीचं काही सांगायचं नाही.

रबराचं झाड हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळतं, सदाहरित रान गाळत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या, १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवणाऱ्या चित्रांत फेब्रुवारीतला हा फरक दिसेल का? पानगळीच्या रानाचं काय करायचं? कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.