डिलनचा 'रफ अँड राउडी वेज' वयाची सूट न देता ऐकला तर?

कानसेन (धागाकर्ता)

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा 'रफ अँड राउडी वेज' हा अल्बम १९ जून २०२० रोजी आला. जेमतेम महिन्याभरापूर्वी त्याला ७९ वर्षं पूर्ण झाली होती. तेव्हापासून या अल्बमचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "या वयात एवढं!" मला हे कौतुक वाटतच नाही. वाढीव गुण देऊन पास केल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं असं की हा अल्बम कसलीही सूट न देता ऐकावा. तसा ऐकला तरी तो डिलनच्या उत्तम पाच-सहा अल्बममध्ये बसतो, १९६५-६६च्या कामाशेजारी. त्याच्या १९७५च्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'च्या तर मी तो वर ठेवेन.

कारण त्यात जे आहे ते तरुण डिलनला जमलंच नसतं. १९६५चा डिलन शब्द ठोशासारखे मारायचा, ओळ संपायच्या आत पुढची सुरू. इथे तो ओळ सोडतो आणि थांबतो. 'की वेस्ट' साडेनऊ मिनिटांचं गाणं आहे, त्यात ढोल जवळजवळ नाहीच, डॉनी हेरनचा अकॉर्डियन एकेक स्वर धरून बसतो आणि त्यावर आवाज येऊन टेकतो. घाई कुठेच नाही. हेडफोन लावून ऐका, काही ओळींच्या शेवटी आवाज खाली उतरताना श्वास ऐकू येतो, आणि तो पुसून टाकलेला नाही.

वेगळी मतं असतील तर जरूर मांडा. फक्त "म्हातारपणी एवढं केलं हेच खूप" हे नको.

तबकडी७८

कानसेन, तुम्ही म्हणता तशीच, सूट न देता ऐकतो. मग माझा निकाल उलटा लागतो.

एक, यादी म्हणजे कविता नव्हे. 'आय कंटेन मल्टिट्यूड्स'मध्ये नाझी छळाची बळी ॲन फ्रँक आणि सिनेमातला इंडियाना जोन्स एका ओळीत येतात. का? यमकापुढे काही कारण मला सापडत नाही. 'मर्डर मोस्ट फाउल' तर १६ मिनिटं ५४ सेकंद चालतं आणि त्याचा उत्तरार्ध म्हणजे नावांची जंत्री. थेलोनियस मंक, चार्ली पार्कर, बस्टर कीटन, डॉन हेन्ली. कुणी नवोदित हे घेऊन आला असता तर निर्मात्याने निम्मं कापलं असतं. इथे कापणारं कुणी नव्हतं. अल्बमवर निर्माता म्हणून कुणाचंच नाव नाही, आणि ते ऐकू येतं.

दोन, चाली. 'फॉल्स प्रॉफेट'ची गिटार आणि एकूण बांधणी ब्लूज गायक बिली 'द किड' इमर्सनच्या 'इफ लव्हिन इज बिलिव्हिंग'ची आहे. सन रेकॉर्ड्सची १९५४ची तबकडी. दोन्ही लागोपाठ लावून बघा, वाद उरत नाही. 'आय हॅव मेड अप माय माइंड टु गिव्ह मायसेल्फ टु यू'मागे जे गुणगुणणं चाललंय ते एकोणिसाव्या शतकातल्या ओफेनबाखच्या 'बार्कारोल' या ऑपेरातल्या चालीचं. आणि श्रेय? सगळी गाणी बॉब डिलन.

तीन, हे रॉक नाही. दहापैकी तीन-चार गाण्यांत ब्लूजचा ठेका आहे, बाकी पार्श्वसंगीतावर केलेलं वाचन. चांगलं वाचन आहे. पण साठच्या दशकात लंडनचा आल्बर्ट हॉल हादरवणाऱ्या माणसाच्या कामाशेजारी ठेवायचं?

खर्जातला

"वाचन" या शब्दाला माझा ठाम विरोध आहे.

'टेंपेस्ट' (२०१२) आठवा. तिथे आवाज पार खरवडलेला होता, घशातून खडी निघाल्यासारखा. त्यानंतर आठ वर्षं त्याने स्वतःच्या नव्या गाण्यांचा एकही अल्बम काढला नाही. त्या काळात काय केलं? 'शॅडोज इन द नाइट', 'फॉलन एंजल्स' आणि तीन तबकड्यांचा 'ट्रिप्लिकेट'. तिन्ही मिळून ५२ गाणी, सगळी फ्रँक सिनात्रा या गायकाच्या पिढीची जुनी अमेरिकन गाणी. त्यातला पहिला अल्बम कॅपिटल स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र बसून, हेडफोनशिवाय, वरून काही न चिकटवता केलेला. अशा गाण्यांत स्वर लांब धरावा लागतो, ओरडून निभत नाही. लोकांनी तेव्हा "डिलनला आता काही सुचत नाही" म्हणून हात झटकले.

आता २०२० ऐका. आवाज 'टेंपेस्ट'पेक्षा स्वच्छ आहे. 'मदर ऑफ म्युझेस'मध्ये तो खर्जात स्थिर राहतो, डगमगत नाही. 'ब्लॅक रायडर'मध्ये जवळपास कुजबुज आहे आणि तरी प्रत्येक शब्द सुरावर आहे. ही त्या ५२ गाण्यांची मेहनत आहे. याला वाचन म्हणणं म्हणजे वरची पट्टी नाही म्हणून गाणंच नाही असं म्हणणं.

सहावीतार

तबकडी यांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझा दुजोरा, पहिल्या दोनला नाही.

मला उतारवयातला रॉक अल्बम हवा असेल तर मी रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' लावतो. ऑक्टोबर २०२३, गायक मिक जॅगर ८० वर्षांचा. 'अ बिगर बँग' (२००५) नंतर पहिल्यांदाच नव्या गाण्यांचा अल्बम. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१मध्ये गेला, पण त्याचे ड्रम दोन गाण्यांत आहेत आणि त्यातल्या 'लिव्ह बाय द सोर्ड'मध्ये बेसवर त्यांचा जुना साथी बिल वायमन. 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये पॉल मॅकार्टनीचा बेस घुमतो तेव्हा माझे पाय आपोआप हलायला लागतात. रॉक हे आधी शरीराचं संगीत आहे. डिलनचा अल्बम मी आदराने ऐकतो, बसून ऐकतो. रॉक बसून ऐकायला लागलं की माझ्या लेखी काहीतरी हरवलेलं असतं.

ठेका

सहावीतार, मी ड्रम वाजवतो, म्हणून मला बरोब्बर उलटं ऐकू येतं.

'हॅकनी डायमंड्स'मध्ये निर्माता ॲन्ड्रू वॉटने सगळं घट्ट आणि चकचकीत केलंय. छान वाजतं, पण बऱ्याच ठिकाणी बँड जणू रुळावरून धावतो. डिलनकडे मॅट चेंबरलेन ड्रमवर आहे. हा माणूस काहीही वाजवू शकतो आणि अर्धा अल्बम त्याने न वाजवण्यात घालवलाय. 'मर्डर मोस्ट फाउल'मध्ये मोजता येईल असा ठेकाच नाही. पियानो आहे, गजाने वाजवलेला बेस आहे, मागे तालवाद्याची हलकी कुजबुज आहे, आणि हे सगळे आवाजाच्या मागून चालतात. डिलन ओळ लांबवतो तेव्हा पियानो वाट बघतो. जवळजवळ सतरा मिनिटं समेशिवाय एकत्र राहणं काय असतं ते एकदा करून बघा. चार लोकांत दोन मिनिटांत फाटतं.

आणि शरीरच हवं असेल तर 'क्रॉसिंग द रुबिकॉन' लावा. संथ ब्लूज, प्रत्येक ठोका किंचित उशिरा पडतो. त्या उशिरातच सगळी मजा आहे.

मधलीओळ

यादीच्या मुद्द्यावर मला मनापासून लिहायचंय, कारण मला हा अल्बम तिथूनच उलगडला.

ती जंत्री नाही, तो रेडिओ आहे. 'मर्डर मोस्ट फाउल'चा पूर्वार्ध म्हणजे २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, केनेडींची हत्या. मग गाणं वळतं आणि वुल्फमन जॅक या रेडिओ निवेदकाला फर्माइशी सुरू होतात. हे लाव, ते लाव. देशाचा अध्यक्ष भर रस्त्यात मारला गेलाय, काही सुधारता येणार नाही, आणि माणूस रात्रभर रेडिओवर गाणी मागतोय. यापलीकडे तो करणार तरी काय? म्हणून यादी लांब आहे. ती थांबली की परत केनेडींच्या त्या गाडीकडे जावं लागणार. आणि शेवटची फर्माइश कुठली? याच गाण्याची.

आता त्याच्या आधीचं 'की वेस्ट' ऐका. सुरुवातच मॅकिन्लीला गोळी लागण्याने होते. तोही अमेरिकेचा अध्यक्ष, १९०१मध्ये मारला गेला. आणि गाणाऱ्याचा शोध चाललाय तो पायरेट, म्हणजे विनापरवाना, रेडिओच्या लहरींचा. दोन शेजारची गाणी, दोन मारलेले अध्यक्ष, दोन्हीकडे हवेतून येणारा आवाज. डिलनने २००६ ते २००९ स्वतः 'थीम टाइम रेडिओ अवर' हा रेडिओ कार्यक्रम चालवला होता, हेही लक्षात घ्या. मला हे निर्मात्याविना पसरलेलं काम वाटत नाही, फार विचाराने रचलेलं वाटतं. 'मर्डर मोस्ट फाउल'ला सीडीवर वेगळी तबकडी दिलीय ती उगीच नाही. 'की वेस्ट' संपतं, तबकडी बदलायला उठावं लागतं, आणि ती शांतता हवीच असते.

उसन्या चालींबद्दलही: 'माय ओन व्हर्जन ऑफ यू' ऐकलंत का? त्यात गाणारा शवागारांतून आणि मठांतून अवयव गोळा करून एक माणूस जोडायला निघालाय. आपण गाणी कशी बनवतो हे त्याने इतकं उघडपणे दुसरीकडे कुठे सांगितलेलं मला तरी माहीत नाही.

ॲन फ्रँकच्या ओळीचं समर्थन मात्र मलाही करता येत नाही. ती ओळ मला आजही टोचते.

तबकडी७८

मधलीओळ ताई, रेडिओचा मुद्दा पटला. दोन अध्यक्षांचा धागा सुंदर पकडलात. जंत्री तरीही मला लांबच वाटते, पण आता ती का लांब आहे हे ऐकू येईल.

अवयवांचं मात्र मान्य नाही. "मी मेलेल्यांचे अवयव गोळा करतो" असं गाणं लिहिलं म्हणून अवयवाच्या मालकाचं नाव द्यायची जबाबदारी संपते का? त्यात इमर्सन मेलेलाही नव्हता. २०२०मध्ये तो नव्वदी पार केलेला, पण हयात होता. ब्लूजमध्ये चाली फिरतात, मडी वॉटर्ससारख्या मोठ्या ब्लूज गायकानेही घेतल्या, सगळं खरं. पण ते गायक एकाच गरिबीत एकमेकांकडून घेत होते. डिलनने त्याच डिसेंबरात आपल्या गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल या संगीत कंपनीला प्रचंड रकमेला विकले. तिथे "परंपरा" म्हणून हात वर करता येत नाहीत.

खर्जातला

तबकडी, श्रेयाबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, इमर्सनचं नाव असायला हवं होतं. पण श्रेय न देणं हा माणसाचा दोष झाला, गाण्याचा नव्हे. 'फॉल्स प्रॉफेट'मध्ये इमर्सनचा उडता चालता ठेका जड, रेंगाळता झालाय, आणि त्यावर एक बढाईखोर म्हातारा उभा केलाय. मूळ गाणं प्रेमाचं. हे वेगळं पात्र आहे.

आणखी एक, यावर कुणी बोललेलं नाही. डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ला आला, १० तारखेला तो गेला. लेनर्ड कोहेनचा 'यू वाँट इट डार्कर' त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, ७ नोव्हेंबरला तोही गेला. दोन्ही अल्बम मला प्रिय आहेत, पण मृत्यू बाजूला ठेवून ते ऐकणं आता अशक्यच झालंय. प्रत्येक ओळ निरोप वाटते. डिलनच्या अल्बमला तसा आधार मिळाला नाही. तो आला आणि डिलन पुढे निघाला. नोव्हेंबर २०२१पासून त्याच नावाचा दौरा सुरू झाला.

सहावीतार

दौऱ्याचं मलाही मान्य. मोठे कलाकार नवी दोन-तीन गाणी घाबरत घाबरत मधे घुसवतात, बाकी जुनी हुकमी गाणी. डिलनने 'मर्डर मोस्ट फाउल' सोडून जवळपास अख्खा अल्बम रोज वाजवला, तोही वर्षानुवर्षं. लोक त्याच्या जुन्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'ची वाट बघत बसले आणि घरी गेले. याला हिंमत म्हणायचं की हट्ट, माझं ठरत नाही, पण स्वतःच्या नव्या कामावर इतका विश्वास मी स्टोन्सकडे पाहिला नाही.

कानसेन (धागाकर्ता)

सहावीतार, हिंमतच. कारण ती गाणी त्याने तशीच्या तशी वाजवली नाहीत. 'की वेस्ट'ची तर बांधणीच दौऱ्यात बदलत गेली, अल्बमवरचा तो तरंगणारा अकॉर्डियन बाजूला पडला. ज्याला आपलं काम स्मारक वाटतं तो असं करत नाही.

तबकडी, 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'च्या वर ठेवण्यावर मी ठाम आहे. तिथे एका माणसाचं दुःख आहे आणि ते अप्रतिम आहे. इथे त्याला शंभर वर्षांचा देश एका रेडिओत बसवायचा होता, आणि बसलाय.

तबकडी७८

बसलाय, पण इमर्सनचं नाव न घेता बसलाय. लेबलावर कंसात दोन नावं छापायला जागा लागते ती किती? 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' माझ्याकडे वरच राहणार. 'की वेस्ट' मात्र आज रात्री परत लावतो, आणि 'मर्डर मोस्ट फाउल' या वेळी मधे न थांबवता.