सांगली–मिरज रस्ता: पदपथ आणि बससाठी मागणी कशी मांडावी?

प्रश्न: विश्रामबाग परिसरात आम्ही काही रहिवासी एकत्र आलो असून, मुलांना शाळेत चालत किंवा सायकलने सुरक्षितपणे जाता यावे, अशी आमची मागणी आहे. महापालिकेकडे निवेदन देताना नेमका कोणता आधार घ्यावा?

उत्तर १: ‘रस्ता सुधारा’ एवढेच लिहिलेले निवेदन फाइलमध्येच राहते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर हवी. म्हणून टेप घेऊन पदपथ मोजा आणि जिथे खांब, रोहित्र किंवा हातगाड्यांमुळे ती कमी पडते, त्या जागांची छायाचित्रे जोडा. (फेरीवाल्यांना हटवा, एवढेच मात्र मागू नका, त्यांची जागाही नियोजनातच ठरते.) सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जीविताच्या हक्काशी जोडला आहे, त्याचाही उल्लेख करावा.

उत्तर २: बसथांबे हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत (नागरी स्थानिक संस्थांकडील विषयांची यादी) असल्याने त्यासाठीही महापालिकेकडेच जावे. फेऱ्यांची मागणी मात्र एसटीच्या आगाराकडे स्वतंत्रपणे करा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत निम्म्या भाड्याची सवलत मिळाली, पण वेळेवर बस नसेल तर रिक्षाच करावी लागते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. येत्या रविवारी मोजणीस सुरुवात करतो.