स्पितीला दुचाकीवरून जाताना किन्नौरची वाट धरावी
पत्नीसह मोटारसायकलवरून हिमाचलमधील स्पिती खोऱ्यात जाताना मनालीकडून थेट कुंझुम ही खिंड ओलांडावी, म्हणजे दोन दिवस वाचतात, असे काही जण सुचवतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. मनालीहून निघाल्यास एकाच दिवसात सुमारे 2,000 मीटरवरून 4,500 मीटरहून अधिक उंचीवर जावे लागते आणि शरीराला विरळ हवेची सवय होण्यास अवधीच मिळत नाही. किन्नौरमधून जाणाऱ्या सिमला, कल्पा, नाको, ताबो, काझा या मार्गाने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. शिवाय 996 साली स्थापन झालेल्या ताबोच्या मातीच्या बौद्ध विहारात निवांतपणे थांबता येते, आणि माझ्या दृष्टीने त्या दोन दिवसांचे खरे मोल तेच आहे.

परतताना मनालीच्या बाजूने कुंझुम उतरल्यावर बातल ते ग्राम्फू हा टप्पा मात्र कसोटी पाहतो. बर्फ वितळू लागले की दुपारनंतर तेथील नाल्यांचे पाणी चढते, म्हणून काझाहून पहाटेच निघावे. नाला ओलांडताना मागे बसणाऱ्याने आधीच उतरावे, हे आम्ही दोघांनी घरूनच ठरवले होते. पाण्याच्या मध्यावर तोल गेल्यावर वाद घालण्यापेक्षा ते फार बरे. काझा सोडल्यावर मनालीच्या बाजूने बराच वेळ पेट्रोल पंप नाही, तेव्हा टाकी तेथेच काठोकाठ भरून घ्यावी.